साधं चालणं म्हणजे नाच? न्यूयॉर्कचं जडसन आणि टोकियोचं बुतो

अनवट

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी "जडसन आणि बुतो या एकाच बंडाच्या दोन फांद्या" असं लिहून मोकळं झालं. (जडसन म्हणजे न्यूयॉर्कच्या एका चर्चमध्ये जमलेला नर्तकांचा गट, बुतो म्हणजे टोकियोत हिजिकाताने सुरू केलेला नाच.) तिथे वाद घातला असता तर त्या बिचाऱ्या भरतनाट्यमच्या धाग्याचं वाटोळं झालं असतं, म्हणून हा वेगळा काढतेय. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: काळ एक, चीड एक, पण शरीराबद्दल दोघांचं म्हणणं अगदी उलट. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते चालण्यात.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात.

न्यूयॉर्कमध्ये १९६० साली रॉबर्ट डन नावाच्या संगीतकाराने मर्स कनिंगहॅम या आधुनिक नृत्यकाराच्या स्टुडिओत नृत्यरचनेचा वर्ग सुरू केला. डन स्वतः नर्तक नव्हता, जॉन केज या प्रयोगशील संगीतकाराकडे शिकलेला होता. कुणी काही करून दाखवलं की "छान" किंवा "फसलं" म्हणायचं नाही, "हे बांधलंस कसं?" एवढंच विचारायचं, ही त्याची पद्धत. स्टीव्ह पॅक्स्टन, इव्हॉन रेनर, सिमोन फोर्टी, पुढे डेबोरा हे, ट्रिशा ब्राउन, डेव्हिड गॉर्डन अशी मंडळी तिथे जमली. दोन वर्षांत ढीगभर काम तयार झालं आणि दाखवायला जागा मिळेना. एका प्रतिष्ठित संस्थेच्या चाचणीत यांच्यातल्या काही जणांना नकार मिळाला. शेवटी वॉशिंग्टन स्क्वेअरजवळच्या जडसन मेमोरियल चर्चने दार उघडलं. ६ जुलै १९६२ च्या त्या पहिल्या रात्री १४ जणांच्या २३ रचना झाल्या. तिकीट नाही, वातानुकूलन नाही, बाहेर जुलैचा उकाडा, आणि तरी लोक तीनेक तास बसून राहिले.

टोकियोत त्याच्या तीन वर्षं आधी, २४ मे १९५९ ला, तात्सुमी हिजिकाता नावाच्या तिशीतल्या नर्तकाने 'किंजिकी' सादर केलं. बुतोची सुरुवात इथून मानतात. नाव मिशिमाच्या कादंबरीवरून उचललेलं, विचारलं वगैरे काही नाही. रंगमंच जवळजवळ अंधारात. योशितो ओनो हा तरुण मांड्यांमध्ये जिवंत कोंबडी धरतो, हिजिकाता त्याच्या मागे लागतो, आणि शेवटी मिट्ट काळोखात नुसते धावण्याचे आवाज. हे सगळं काही मिनिटांत उरकलं. कार्यक्रम नृत्यसंघटनेचा, नवोदितांसाठीचा. गदारोळ झाला आणि हिजिकाता संघटनेतून बाहेर पडला. मिशिमाने मात्र चिडण्याऐवजी पुढे त्याची बाजू उचलून धरली.

आता चालणं.

पॅक्स्टनची १९६७ ची 'सॅटिस्फायिन लव्हर' ही रचना. ३० ते ८४ माणसं लागतात. ती नर्तक असायची गरज नाही, नसलेलीच बरी. गटागटाने एका बाजूने येतात, चालत दुसऱ्या बाजूला जातात. काही मध्येच थांबतात, काही खुर्चीवर बसून मग उठतात. कुणी किती पावलांवर थांबायचं, किती वेळ उभं राहायचं हे लिहून दिलेलं असतं. संपलं. बघणाऱ्याला सुरुवातीला वाटतं फसवलं, आणि मग हळूहळू दिसायला लागतं की ही बाई टाच आधी टेकवते, हा माणूस उजवा खांदा पुढे घेऊन चालतो, त्या पोराला हातांचं काय करायचं तेच कळत नाहीये.

आता हिजिकाताच्या शिष्यांचं चालणं. त्यांच्याकडे तो प्राथमिक धडाच आहे. गुडघे थोडे वाकलेले. तळपायाखाली वस्तऱ्याची पाती आहेत अशी कल्पना. डोक्यावर पाण्याने भरलेलं पसरट भांडं. डोळे काचेचे, म्हणजे ते बघत नाहीत, कपाळावरचा एक डोळा बघतो. सांध्यासांध्यातून कोळ्याचे धागे बाहेर ओढले जाताहेत. तुम्ही चालत नाही, चालवले जाता. आणि समोरच्याला प्रत्यक्षात काय दिसतं? एक माणूस फार हळू पुढे सरकतोय. बस. तरी मानेवर काटा येतो.

दोन्हीकडे तालीम केलेलं, नटवलेलं, बॅलेने किंवा आधुनिक नृत्याने घडवलेलं शरीर नको आहे. इथपर्यंत एकमत. पण जडसनवाल्यांचा विश्वास असा की शिकवलेलं सगळं उतरवलं की खाली एक साधं शरीर उरतं, रस्त्यावरून जाणारं, पाव आणायला निघालेलं. हिजिकाताला हे मान्यच नाही. त्याच्या लेखी खाली साधं काही नसतंच. खाली भूक असते, थंडी असते, आजारपण असतं, गाव असतं. मेलेली बहीण आपल्या शरीरात राहते असं तो सांगत असे. ईशान्येकडच्या आकिता प्रांतातला माणूस, जपानच्या मानाने गरीब, बर्फाळ मुलूख. तिथे शेतावर राबणाऱ्या आया तान्ह्या पोरांना गवताच्या टोपलीत घट्ट बांधून बांधाला ठेवत. दिवसभर पाय मुडपलेले, संध्याकाळी सोडलं तरी पोराला उभं राहता येत नसे. १९८५ च्या एका भाषणात त्याने हे सविस्तर सांगितलंय. त्याच्या नाचातले वाकडे, उभे न राहणारे पाय तिथून येतात.

माझं मत विचाराल तर मला हिजिकाता जास्त पटतो आणि जडसन जास्त आवडतं. यावर बोला.

---

बिनबुडाचा

पहिला नंबर!

लेख आवडला, पण एक प्रामाणिक शंका. ८४ माणसं चालत गेली याला रचना म्हणायचं तर दादर स्टेशनचा पूल हा जगातला सगळ्यात मोठा नृत्यमहोत्सव झाला की. तोही बारमाही.

---

घुंगरू_उतरवलेली

बिनबुडाचा, हसले. पण दादरच्या पुलावर तुम्ही बघत नाही, तुम्हीही चालत असता, आणि तेही मागच्याचे कोपर खात. पॅक्स्टन तुम्हाला खुर्चीत बसवतो आणि सांगतो की आता वीस मिनिटं दुसरं काही बघायला मिळणार नाही. फरक तिथे पडतो.

अनवट, रेनरच्या 'ट्रिओ ए'चा उल्लेख नाही केलास! जडसनचं म्हणणं एका जागी पाहायचं तर तेच. जानेवारी १९६६ मध्ये जडसन चर्चमध्येच पहिल्यांदा झालं. रेनर, पॅक्स्टन आणि गॉर्डन तिघे एकाच वेळी, पण एकमेकांची गाठ न घालता करत होते. जेमतेम पाच मिनिटांचं काम. १९७८ ची एक चित्रफीत आहे, रेनर एकटीच, काळे कपडे, अजिबात नखरा नाही.

मी बरीच वर्षं कथक केलंय, म्हणून त्या अंगाने लिहिते. सुरुवातीला ती प्रेक्षकांना बाजू दाखवून उभी आहे, गुडघे सैल, तोंड प्रेक्षकांपासून पलीकडे वळवलेलं. दोन्ही हात धडाभोवती झुलतात, एक पुढून, एक मागून. बस, एवढंच. बघताना वाटतं आपल्यालाही येईल. दिवाणखान्यात करून पाहा. हात झुलवणं जमतं, अडतं पुढे. कारण या अख्ख्या रचनेत सम नाही. कुठे दम घेत नाही, कुठे उठाव नाही, एक हालचाल संपता संपता दुसरी सुरू झालेली असते, आणि अवघड तोल सांभाळण्यालाही तितकंच वजन द्यायचं जितकं नुसतं पाऊल टाकायला. माझं शरीर दर आठ-दहा हालचालींनंतर आपोआप कुठेतरी "धा" शोधायला लागतं. टाळी घ्यायची सवय हाडात गेलेली असते हो.

आणि नजर! ती एकदाही प्रेक्षकांकडे बघत नाही. तोंड समोर यायची वेळ आली की डोळे मिटते किंवा मान वळवते. आमच्याकडे नजर गेली की नाच गेला. हे बघून पहिल्यांदा मला चक्क अपमान झाल्यासारखं वाटलं होतं.

आता अनवटच्या मुद्द्यावर. "साधं शरीर" म्हणतेस ते 'ट्रिओ ए'ला लागू होत नाही. ते भयंकर अवघड आहे. फक्त कष्ट लपवण्याऐवजी कष्ट जेवढे आहेत तेवढेच दिसू द्यायचे, वर सजावट नको. १९६५ मध्ये रेनरने जो प्रसिद्ध नकारांचा जाहीरनामा लिहिला, दिमाखाला नाही, कसरतीला नाही, जादूला आणि मायेला नाही, त्याचा अर्थ "काहीच येत नसलं तरी चालेल" असा अनेकांनी काढला. तो तसा नाहीये. ही सगळी मंडळी कसून शिकलेली होती. पॅक्स्टन तर कनिंगहॅमच्या संचात नाचत होता. हातात असलेलं टाकून देणं आणि हातात काही नसणं या निराळ्या गोष्टी.

---

पिवळा_डबा

वाचतोय. बुतोबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की हिरोशिमावरच्या अणुबॉम्बमुळे तो नाच जन्माला आला. पांढरं फासलेली, जळाल्यासारखी शरीरं वगैरे. त्याबद्दल धाग्यात काहीच कसं नाही?

---

योकोहामाकर

पिवळा डबा, हे पाश्चात्त्य माहितीपत्रकांनी लोकप्रिय केलेलं प्रकरण आहे. हिजिकाता आकिताचा, बुतोचा दुसरा खांब काझुओ ओनो (वर आलेल्या योशितोचे वडील) होक्काइडोतल्या हाकोदातेचा. दोघांपैकी कुणीही हिरोशिमाचा नाही. युद्धाची सावली आहेच, ती कोण नाकारेल? ओनो तर सैन्यात होते, चीनमध्ये आणि न्यू गिनीत, युद्धकैदीही झाले. पण "बॉम्ब पडला म्हणून बुतो" हे समीकरण परदेशी प्रेक्षकाला सोयीचं आहे, कारण मग समोर जे दिसतंय त्याचा अर्थ तिकिटाबरोबरच मिळतो.

पांढरा रंगही सरसकट नाही. 'किंजिकी'त तो नव्हताच, हिजिकाताने अंगाला काळपट रंग लावला होता असं वर्णन आहे.

मी या गावात बरीच वर्षं आहे, तेव्हा ओनोंबद्दल थोडं लिहितो. धाग्यात त्यांना अगदीच कोपऱ्यात बसवलंय. जन्म १९०६, म्हणजे हिजिकातापेक्षा २२ वर्षांनी मोठे. इथे योकोहामात एका ख्रिस्ती मुलींच्या शाळेत व्यायामशिक्षक होते. १९२९ मध्ये टोकियोच्या इम्पीरियल थिएटरमध्ये त्यांनी ला अर्जेंतिना या स्पॅनिश नर्तकीला पाहिलं, तेही मागच्या स्वस्त जागेवरून. आणि १९७७ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, तिची आठवण म्हणून एकल सादर केलं, दिग्दर्शन हिजिकाताचं. जुना झगा, टोपी, रंगवलेला सुरकुतलेला चेहरा. १९८० मध्ये फ्रान्सच्या नान्सी महोत्सवात ते झालं आणि त्यानंतरच युरोपला बुतो म्हणजे काय हे खऱ्या अर्थाने कळलं. शंभरी ओलांडली, २०१० मध्ये गेले. उभं राहता येईना तेव्हा खुर्चीत बसून नाचले, पुढे नुसत्या हातांनी.

ओनो डोळ्यांसमोर आणले की अनवटची विभागणी जरा डळमळते. हिजिकाता शरीरात कोंडलेलं खणून काढतो, ओनो मात्र कुणाला तरी ओवाळायला निघालेले असतात. जडसनच्या सपाट नजरेला उलटं टोक शोधायचं तर ते मला हिजिकाता नाही, ओनो वाटतात. रेनर प्रेक्षकाकडे बघत नाही, ओनो प्रेक्षकावरून नजर काढत नाहीत.

आणखी एक. "अस्सल जपानी मातीतला नाच" हेही अर्धंच खरं. ओनो ज्यांच्याकडे शिकले त्या ताकाया एगुची यांनी जर्मनीत मारी विगमानकडे धडे घेतले होते. हिजिकाता आकितात ज्यांच्याकडे शिकला त्या बाई एगुचींच्या शिष्या. आणि तरुण हिजिकाताच्या उशाशी कोण? जाँ जने, आर्तो, लोत्रेआमों हे बंडखोर फ्रेंच लेखक. मातीकडे तो नंतर वळला, साधारण १९६८ च्या पुढे. छायाचित्रकार एको होसोए याच्याबरोबर ईशान्येच्या खेड्यात जाऊन त्याने शेतांत, पोरांमध्ये, म्हाताऱ्यांमध्ये जो धुडगूस घातला त्याचं 'कामाइताची' हे पुस्तक १९६९ चं. पॅरिसमार्गे आकिताला पोचलेला माणूस आहे तो.

---

खडूस_काका

योकोहामाकर, उत्तम प्रतिसाद. त्याला उलटी जोड देतो. जपानी माणूस जने वाचत होता तेव्हा अमेरिकन माणूस झेन वाचत होता! केज १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठात झेनचे अभ्यासक डी. टी. सुझुकी यांची व्याख्यानं ऐकायला जात असे. "जे घडतंय ते घडू दे, निवड करू नकोस" हे जे जडसनच्या बुडाशी आहे, त्यात ती शिकवण मुरलेली आहे. हे त्यांच्याकडून घेतात, ते यांच्याकडून, आणि दोघांनाही आपण परंपरा मोडतोय असं वाटतं. मोडतही होते म्हणा, एकमेकांची सामग्री घेऊन.

त्यात आपलाही एक थांबा आहे. कनिंगहॅमचा संच १९६४ मध्ये जगप्रवासाला निघाला तेव्हा मुंबई-अहमदाबादला आला होता. केज आणि गीता साराभाई यांची ओळख जुनी, १९४० च्या दशकातली, तिने त्याला भारतीय संगीताची तोंडओळख करून दिलेली. त्या संचात पॅक्स्टन होता, डेबोरा हे होती, सोबत चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग. इथून पुढे नोव्हेंबरात टोकियोत. तिथल्या सोगेत्सु केंद्रात राउशेनबर्गला वीस प्रश्न विचारायचा कार्यक्रम ठेवला होता, तर गडी एका शब्दाचं उत्तर न देता प्रेक्षकांसमोर सोनेरी पडद्यावर चित्र करत राहिला.

आणि रेनरबाई १९७१ मध्ये भारतात काही आठवडे फिरून गेल्या. कथकली पाहिलं. रोजनिशीत त्याबद्दल लिहिलंय. "जादूला आणि मायेला नाही" म्हणणारी बाई रात्रभर डोळे फिरवणारे मुखवटेवजा चेहरे बघत बसली, आणि परत जाऊन हळूहळू गोष्ट सांगण्याकडे, पुढे सिनेमाकडे वळली. सगळं कथकलीमुळे असं म्हणणार नाही, नाहीतर आपले लोक लगेच "बघा, शेवटी आपल्याकडेच यावं लागलं" म्हणून नाचायला लागतील.

---

बिनबुडाचा

"बघा, शेवटी आपल्याकडेच यावं लागलं."

(काका, राहवलं नाही.)

---

अनवट

मस्त चाललंय. एकेक करून.

घुंगरू, 'ट्रिओ ए'बद्दलचं मान्य. पण तू जे लिहिलंस ते माझ्याच बाजूचं आहे. समेची ओढ, टाळीची सवय, हे काढून टाकता येतं अशी रेनरची धारणा आहे आणि ते काढायलाच तर एवढे कष्ट. हिजिकाताने तुला सांगितलं असतं, ती ओढ काढू नकोस, तिलाच नाचू दे, ती तुझ्यात कुणी घातली ते दिसू दे.

योकोहामाकर, ओनोंना कोपऱ्यात बसवलं कारण त्यांना कशाच्याही बाजूला उभं केलं की तुलना मोडते. तरी नजरेचा मुद्दा लाख मोलाचा.

आता मला ज्यावर खरं बोलायचंय ते. संघटना आणि पैसा. सौंदर्यशास्त्रावर आपण पानं भरतो आणि भाडं कोण भरत होतं ते विचारत नाही. जडसनमध्ये गट होता, प्रमुख नव्हता. कुणाचं काय दाखवायचं हे सगळे बसून सहमतीने ठरवत, चाळणी लावायची नाही हे ठरलेलं. चर्चने जागा दिली, पाद्री अल कारमाइन्स स्वतः रंगभूमीतला माणूस, त्याने मजकुरावर बंधन घातलं नाही. पोटापाण्याच्या नोकऱ्या ज्याच्या त्याच्या.

हिजिकाताकडे शुद्ध गुरुकुल. मेगुरोमधला आस्बेस्तोस-कान हा स्टुडिओ त्याची बायको आकिको मोतोफुजी हिचा. शिष्य तिथेच राहायचे, आणि रात्री कॅबरेत नाचायचे. अंगभर सोनेरी रंग फासून. ती कमाई संचात. म्हणजे ज्या नाचाला आपण बाजाराविरुद्धचा नाच म्हणतो तो रात्रीच्या बाजारावर जगत होता. याला मी ढोंग म्हणत नाही. उलट त्या शरीरांना बाजार काय असतो ते माहीत होतं, आणि ते रंगमंचावर दिसतं.

पण गुरुकुलाची किंमत कुणी मोजली? योको आशिकावा. हिजिकाता १९७३ नंतर स्वतः रंगमंचावर यायचा थांबला. त्याच्या पुढची जी भाषा आहे, शब्दांतून शरीराला दिलेल्या सूचना, ती तिच्या अंगावर घडली. तो ढोल बडवत बोलायचा, ती करायची. वहीत त्याची अक्षरं, शरीर तिचं. नाव कुणाचं राहिलं ते आपण बघतोच आहोत. जडसनमध्ये निदान रेनर, ब्राउन, लुसिंडा चाइल्ड्स, फोर्टी आपापल्या नावाने उभ्या राहिल्या.

---

घुंगरू_उतरवलेली

अगदी. "वहीत त्याची अक्षरं, शरीर तिचं" हे आमच्या क्षेत्रातही कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवं. जास्त लिहीत नाही, लोक ओळखतील.

त्या शब्दसूचनांचा एखादा नमुना देशील? मी फक्त ऐकून आहे.

---

योकोहामाकर

मी देतो. किड्यांचा धडा सगळ्यात प्रसिद्ध आहे, इथल्या कार्यशाळांत तो करून घेतात.

उजव्या हाताच्या तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यातून एक किडा मनगटाकडे चढतो, तिथून कोपर, दंड. मग मानेच्या डाव्या बाजूने दुसरा उतरायला लागतो. मग मांडीच्या आतून तिसरा. प्रत्येकाची वाट ठरलेली आणि पहिला थांबत नाही, तो चालूच. पाच-सहा किडे झाले की उभं राहणं अवघड होतं, लक्ष एकीकडे नेलं की दुसरीकडचा निसटतो. नंतर पाचशे. नंतर त्वचेच्या रंध्रांतून आत. नंतर आतडी खायला लागतात. शेवटी शरीर पोकळ, नुसतं भुसा भरलेलं.

गंमत अशी की किड्यांचा अभिनय करायचा नाही. अंग झटकलंत, तोंड वाकडं केलंत तर शिकवणारा थांबवतो. किडे असले पाहिजेत, तुम्ही "किडे आहेत" असं दाखवता कामा नये. पहिल्यांदा बसलो तेव्हा माझ्या शेजारचे एक सत्तरीतले आजोबा अजिबात हलले नाहीत, पण त्यांच्याकडे बघून मीच हात खाजवायला लागलो.

---

पिवळा_डबा

हिरोशिमाबद्दल आभारी आहे. कागदावर वाचूनच मान खाजवतोय.

मला एक राजकीय बाजू सुचते. जपानमध्ये १९६० साली अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर होते. बुतो त्याच वर्षांतला. म्हणजे एक देश दुसऱ्याच्या लष्करी छत्राखाली, आणि दोघांचे नर्तक साधारण एकाच वेळी शिस्तबद्ध शरीर नाकारताहेत. पण जो जिंकला त्याला वाटतं, शरीर कोरं करता येतं. जो हरला त्याला वाटत नाही. फार ताणतोय का?

---

खडूस_काका

थोडं ताणताय, पण टाकून देण्यासारखं नाही. फक्त जडसनला अगदी निर्विकार करू नका. नोव्हेंबर १९७० मध्ये त्याच चर्चमध्ये झेंड्यांचं प्रदर्शन भरलं होतं, अमेरिकी ध्वजाचा कलेत वापर केला म्हणून लोकांवर खटले होत होते त्याच्या निषेधार्थ. रेनर आणि इतरांनी तिथे 'ट्रिओ ए' केलं. अंगावर कपडे नाहीत, गळ्यात फक्त झेंडा बांधलेला. व्हिएतनामचे दिवस. हालचाल तीच, एक बोट बदललेलं नाही. "साधं शरीर" तेव्हा किती साधं राहिलं?

---

सई_हडसनपल्याड

उशिरा आले, पण पिवळा डबा यांच्या मुद्द्याला धरून लिहायचंय.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात २०१८ मध्ये जडसनवर मोठं प्रदर्शन होतं, २०१९ च्या सुरुवातीपर्यंत चाललं. मी ट्रेन पकडून गेले होते. चर्चमधल्या तालमींचे फोटो भिंतभर. दुसऱ्या-तिसऱ्या भिंतीपाशी एक गोष्ट खुपायला लागते: जवळजवळ सगळे गोरे. "कुठलंही शरीर चालेल" म्हणणाऱ्या मंडळींच्या खोलीत हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतून, म्हणजे भुयारी रेल्वेने थोड्याच थांब्यांवरून, जवळजवळ कुणी आलेलं नाही. १९६२ मध्ये काळा माणूस न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून "नुसता चालू" शकत होता का? पॅक्स्टनचं चालणं सुंदर आहे, पण साधं दिसण्याची मुभा सगळ्यांना नव्हती. इथे मला अनवटचं "हिजिकाता पटतो" समजतं.

यावर ज्याने काम केलंय तो नर्तक म्हणजे ट्रेजल हॅरेल. हार्लेमच्या बॉलमधलं, म्हणजे काळ्या समलिंगी मंडळींच्या नाच-स्पर्धांमधलं, व्होगिंग १९६३ मध्ये जडसन चर्चमध्ये येऊन धडकलं असतं तर काय झालं असतं, या एका कल्पनेवर त्याने २००९ पासून रचनांची मालिकाच केली. आणि आता मजा बघा: त्यानंतर हा माणूस वळला हिजिकाता आणि ओनोंकडे. टोकियोला जाऊन हिजिकाताची कागदपत्रं पाहिली, ओनोंच्या ला अर्जेंतिनावरून स्वतःची रचना केली. ज्याला जडसनमध्ये जागा नव्हती अशा शरीराला तिकडे जागा सापडली, असं मी म्हणेन. अर्थात तोही तिथे पाहुणाच.

---

अनवट

सई, हॅरेलचं नाव काढल्याबद्दल तुला एक वडापाव लागू.

मी एवढंच जोडेन की जडसनवाल्यांपैकी पॅक्स्टनला हे स्वतःलाही जाणवलं असावं असं मला वाटतं. १९७२ मध्ये त्याने संपर्क-नृत्य सुरू केलं, दोन शरीरं एकमेकांवर वजन टाकतात, घसरतात, पडतात, उचलली जातात. तिथे "माझं साधं शरीर" हा प्रश्न मागे पडतो, कारण दुसऱ्याचं वजन अंगावर आलं की तुम्ही साधे आहात की नाही याला अर्थ उरत नाही. नकारांच्या यादीतून बाहेर पडायची ही वाट मला त्या पिढीची सगळ्यात मोठी कमाई वाटते, 'ट्रिओ ए'पेक्षाही. घुंगरू आता भांडेल.

---

घुंगरू_उतरवलेली

भांडणार नाही, विषय बदलणार. पुढच्या महिन्यात आमच्या गटात 'ट्रिओ ए' चित्रफितीवरून बसवून करावं असं चाललंय. एका मैत्रिणीचं म्हणणं परवानगी लागते. चर्चमध्ये फुकट झालेल्या, कुणीही करा म्हणणाऱ्या नाचाला परवानगी?

---

सई_हडसनपल्याड

लागते. सुरुवातीला रेनरचं धोरण तसंच होतं, ज्याला येतं त्याने दुसऱ्याला शिकवावं. पण चौथ्या-पाचव्या हातातून गेलेली 'ट्रिओ ए' बघून ती हादरली. कुठे थांबे घुसले होते, कुठे नजर प्रेक्षकांकडे जात होती. मग तिने मोजक्या माणसांना शिकवायचा अधिकार दिला, रचना लाबान पद्धतीने, म्हणजे हालचाली चिन्हांत लिहायच्या पद्धतीने, लिहून घेतली, आणि चित्रफितीवरून शिकू नका असं स्पष्ट सांगितलं. त्या १९७८ च्या चित्रफितीत आपण स्वतःच चुकलोय असंही तिचं म्हणणं आहे. तेव्हा तुझा "धा" तिला लगेच दिसेल.

---

योकोहामाकर

आणि इकडे बरोबर उलट. हिजिकाताच्या चिकटवह्या केओ विद्यापीठाच्या संग्रहात आहेत, पण शिकवायला कुणाचाही शिक्का लागत नाही. ज्या माणसाने शिष्यांना श्वास घेऊ दिला नाही त्याचा नाच आज बर्लिनपासून मेक्सिकोपर्यंत कुणीही शनिवार-रविवारच्या कार्यशाळेत शिकवतो. त्यातल्या निम्म्या ठिकाणी फक्त पांढरा रंग आणि हळू चालणं असतं.

घुंगरू, तुम्हाला परवानगी नाही मिळाली तर किडे करा. त्यांना कुणी विचारत नाही.

---

बिनबुडाचा

मी दादरच्या पुलासाठी परवानगी कुणाकडे मागू? मध्य रेल्वे की पश्चिम?

---

खडूस_काका

आधी ते दोघे तो पूल कुणाचा हे ठरवू देत. घुंगरू, तुमच्या गटाला 'सॅटिस्फायिन लव्हर' बघायला सांगा. कागदावर लिहिलेली रचना आहे, त्यासाठीही रीतसर विचारावं लागेलच, पण नजर आणि सम यांची मारामारी नाही. तीस माणसं मात्र जमवा. आणि त्यात दोन-तीन कथकवाले घ्याच, ते साधं चालताना कसे दिसतात हे मला बघायचंय.